समुद्र-प्रवाहाची प्रयोग टाकी: चौथ्या प्रयोगासाठी घ्या, पुस्तिकेसाठी नको

अकरावी-बारावीला भूगोल शिकवणाऱ्या, विशेषतः ज्यांच्या पोरांनी समुद्र कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही अशा शिक्षकांनी हा संच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना पाणी म्हणजे गिरणेचं आवर्तन, विहीर नाहीतर टँकर. अशा मुलांना ‘खोल समुद्रातलं अभिसरण’ फळ्यावर बाण काढून शिकवलं की ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. टाकी पाहिल्यावर विसरत नाहीत. संचात दोष आहेत, त्यातला एक तर मोठा आहे, आणि तो पुढे सविस्तर लिहिते. पण पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही.

आधी खोक्यात काय येतं ते सांगते. ६० सेंमी लांब, १२ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच अशी अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक टाकी. सतरा सेंमीपर्यंत भरली की साधारण १२ लिटर पाणी मावतं. एका टोकाला काठावर अडकवायचा स्टीलचा बंद शीतकप्पा, ज्यात बर्फ भरायचा. त्याच मापाची एक उघडी जाळीची टोपली. निळा, लाल आणि हिरवा असे खाण्याचे रंग, लांब नळीचा ड्रॉपर, बारीक नळी लावलेलं नरसाळं, टाकीवर बाहेरून चिकटवायच्या दोन तापमानपट्ट्या, मिठाच्या ४२० ग्रॅमच्या पुड्या आणि २४ पानांची रंगीत पुस्तिका. कुरिअर धरून ४,२०० रुपये पडले. पुड्यांचं माप बरोबर आहे: १२ लिटरला ४२० ग्रॅम म्हणजे लिटरला ३५ ग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सरासरी तेवढंच मीठ असतं. बनवणाऱ्यानं इथे विचार केलाय हे लगेच कळतं.

टाकीचे सांधे पक्के आहेत. आमच्या शीतकप्प्याचं रबर मात्र सैल निघालं आणि आतलं वितळलेलं पाणी टाकीत झिरपायला लागलं. या प्रयोगात ते अजिबात चालत नाही, का ते पुढे कळेलच. फोन केल्यावर त्यांनी कुरकुर न करता नवं रबर पाठवलं. तुमचा संच आला की पहिल्यांदा कप्पा पाण्यानं भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा आणि सकाळी कागद ओला आहे का बघा.

आता पहिला प्रयोग. मीठ विरघळवलेलं पाणी टाकीत भरायचं, ते पूर्ण स्थिर होऊ द्यायचं, शीतकप्प्यात बर्फ कुटून भरायचा आणि कप्प्याच्या पायथ्याशी ड्रॉपरनं निळ्या रंगाचा एक थेंब सोडायचा. टाकीमागे पांढरा कागद आणि बाजूनं मोबाइलचा टॉर्च धरला तर शेवटच्या बाकावरूनही दिसतं. थेंब आधी कप्प्याला चिकटून राहतो. मग त्यातून एक बारीक धागा सुटतो, स्टीलच्या कडेनं सरळ खाली उतरतो, तळाला टेकतो आणि तिथून काटकोनात वळून दुसऱ्या टोकाकडे निघतो. पुढची कड जराशी फुगीर, मागे पातळ थर. दुसऱ्या टोकाजवळ लाल थेंब टाकला असेल तर तो वरच्या वर उलट दिशेनं, बर्फाकडे सरकताना दिसतो. वर लाल येतंय, खाली निळं जातंय. आमच्या प्रयोगशाळेतले मामा वर्षानुवर्षं बीकर धुतायत, तेसुद्धा हातातलं काम ठेवून उभे राहिले.

उत्तर अटलांटिकमध्ये हेच घडतं. उष्ण कटिबंधातून उबदार, खारं पाणी वरच्या वर उत्तरेकडे जातं. ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वेच्या आसपासच्या समुद्रांत आणि लॅब्राडोर समुद्रात ते आपली उष्णता हवेला देऊन गार होतं, जड होतं आणि बुडतं. मग दोन-तीन किलोमीटर खोलवरून दक्षिणेकडे परत निघतं. अटलांटिकमध्ये २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ सालापासून यंत्रांची एक रांग हा प्रवाह सतत मोजत आहे. सरासरी येते सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते सेकंदाला सुमारे १२ लाख घनमीटर. हा आकडा मी फळ्यावर लिहिते आणि थोडा वेळ काहीच बोलत नाही, मुलांना तापीचा पूर आठवू देते.

पुस्तिकेतला दुसरा प्रयोग सांगतो की शीतकप्प्याऐवजी जाळीची टोपली लावा, त्यात निळा रंग घालून गोठवलेला बर्फ ठेवा आणि ‘थंड पाणी तळाशी जाताना पाहा’. हे होत नाही. खाऱ्या पाण्यात तर कधीच होणार नाही. निळं पाणी टोपलीतून निघतं आणि वरच्या वर पसरत जातं, दोन बोटं जाडीचा थर होऊन बसतं. खाली पाणी स्वच्छ. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, “मॅडम, हाई थंड शे ना? मंग खाले काबरं जात नही?”

हा प्रश्न म्हणजे या संपूर्ण संचाची किंमत वसूल. उत्तर वजनात आहे. समुद्राइतकं खारं पाणी २५ अंशांना असेल तर लिटरला साधारण १०२३ ग्रॅम भरतं. तेच पाणी शून्य अंशापर्यंत गार केलं की १०२८ ग्रॅम, म्हणून ते बुडतं. पण बर्फ वितळून आलेलं गोडं पाणी शून्य अंशाला असूनही लिटरला १००० ग्रॅमच भरतं. कितीही थंड करा, ते खाऱ्यावर तरंगणारच. थंडीनं मिळणारा जडपणा पाच ग्रॅमचा आणि मीठ नसल्यानं येणारा हलकेपणा पंचवीस ग्रॅमहून जास्त. या दोन आकड्यांतला फरक ज्या मुलाला समजला त्याला हिमयुग कसं संपलं याचा अर्धा भाग समजला. आणि म्हणूनच गळका शीतकप्पा चालत नाही: त्यातून झिरपणारं गोडं पाणी पहिलाच प्रयोग बिघडवतं. पुस्तिकेत हा प्रयोग साध्या पाण्याच्या टाकीसाठी लिहिलेला असावा आणि छापताना तसाच राहिला असावा. पण ज्या शिक्षकाला हे ठाऊक नाही तो मुलांसमोर अडकेल. दुसऱ्या प्रयोगावर पेन्सिलनं ‘खाऱ्या पाण्यात करा आणि उलट का होतं ते विचारा’ असं लिहून ठेवा.

तिसरा प्रयोग फक्त तापमानपट्ट्या वाचण्याचा आहे, त्यावर वेळ घालवू नका.

चौथा प्रयोग पुस्तिकेच्या अगदी शेवटी, अर्ध्या पानात उरकलेला आहे. मी तो सगळ्यांत जास्त वेळ करते. आधी पहिला प्रयोग लावून निळा धागा व्यवस्थित वाहू द्यायचा. मग शीतकप्प्याच्या बाजूला पाण्यावर डब्याचं एक पातळ झाकण तरंगत ठेवायचं आणि नरसाळ्याच्या नळीतून हिरवं रंगवलेलं गोडं पाणी त्या झाकणावर अगदी सावकाश सोडायचं, म्हणजे ते खालच्या पाण्यात मिसळत नाही. हिरवा थर वरच्या वर पसरतो. शीतकप्पा आता त्या हिरव्या थराला गार करायला लागतो, पण हिरवं पाणी खाली जात नाही. निळा धागा आधी बारीक होतो, मग तुटतो. तळावरचं निळं पाणी जागच्या जागी थबकतं.

आता खरी गोष्ट. नरसाळं बंद करा. गोडं पाणी थांबलं. बर्फ भरपूर आहे. तरीही प्रवाह परत सुरू होत नाही. कितीही वेळ थांबा, होत नाही. हिरवा थर बसलाय तो बसलाय. समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली दोन डब्यांचं एक छोटं गणित मांडलं होतं: एक डबा गरम समुद्राचा, एक थंड समुद्राचा, मध्ये नळी. उत्तर निघालं की एकाच परिस्थितीत अशी व्यवस्था दोन वेगवेगळ्या स्थितींत स्थिर राहू शकते आणि एकीतून दुसरीत गेली की आपोआप मागे फिरत नाही. कागदावरचं ते गणित आमच्या लॅबच्या कट्ट्यावर हिरव्या रंगात उभं होतं. पुस्तिकेत स्टॉमेल यांचा उल्लेखही नाही.

परत सुरू करायचं असेल तर मीठ द्यावं लागतं. पुस्तिका म्हणते वरून मीठ भुरभुरा. तसं करू नका, दाणे विरघळायच्या आत तळाशी जाऊन बसतात. लाल रंग घालून घट्ट मिठाचं पाणी करा आणि ड्रॉपरनं हिरव्या थरात हळूहळू सोडा. आधी काहीच होत नाही. थर खारट होत जातो. मग एका जागी तो वाकतो, तिथून लालसर-हिरवं पाणी एकदम खाली कोसळतं आणि बघता बघता सगळा थर त्यामागोमाग जातो. वर्ग ओरडतो. दरवेळी ओरडतो.

एवढं दाखवल्यावर मी फळ्याकडे वळते, कारण पुढची गोष्ट टाकी सांगू शकत नाही.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर किलोमीटर-दोन किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून जाड बर्फ होता. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या संथ बदलांमुळे उत्तरेतल्या उन्हाळ्यात ऊन वाढायला लागलं आणि बर्फाच्या कडा वितळू लागल्या. इथपर्यंत सोपं आहे. पण वितळलेलं पाणी जाणार कुठे? उत्तर अटलांटिकमध्येच. म्हणजे आमच्या हिरव्या थरासारखं नेमकं त्याच जागी, जिथे पाणी बुडतं. शिवाय बर्फाच्या चादरीतून हिमनगांचे तांडे सुटून समुद्रात वितळले. त्यांनी सोबत आणलेले खडे-वाळू आजही अटलांटिकच्या तळावर थरांच्या रूपात सापडतात. सागरी भूशास्त्रज्ञ हार्टमुट हाइनरिश यांनी १९८८ साली त्यांचं वर्णन केलं आणि ते थर त्यांच्याच नावानं ओळखले जातात.

सुमारे १८ हजार ते १४,७०० वर्षांपूर्वीच्या काळात अटलांटिकचा हा खोल प्रवाह फार मंदावला. कशावरून? हा प्रश्न आमच्या मुलींच्या बाकांवरून हमखास येतो आणि मला तो फार आवडतो. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम ही दोन मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणात सतत तयार होत असतात. थोरियम गाळाच्या कणांना झटकन चिकटून जिथल्या तिथे तळाशी बसतं. प्रोटॅक्टिनियम जरा रेंगाळतं, म्हणून खोल प्रवाह जोरात असेल तर तो त्याला दूर दक्षिणेला वाहून नेतो. प्रवाह मंदावला की तेही जिथल्या तिथे बसतं. मग गाळाच्या थराथरांत दोघांचं प्रमाण मोजलं की त्या-त्या काळी प्रवाह किती होता हे कळतं. बर्म्युडाजवळच्या गाळावर केलेलं हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं आणि त्यात या काळात प्रमाण वर चढून जवळजवळ तिथपर्यंत गेलेलं दिसलं, जिथे प्रवाह थांबला असता तर ते गेलं असतं.

मग १४,७०० वर्षांपूर्वी प्रवाह परत जोरात सुरू झाला आणि ग्रीनलंडचं तापमान काही दशकांतच सुमारे १० अंशांनी चढलं. दशकांत, शतकांत नाही. आजोबांनी एक हवामान बघितलं आणि नातवानं दुसरंच. लाल पाण्यानंतर थर कोसळतो तो क्षण मुलांना मी इथे परत आठवायला सांगते. पुढे सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकमध्ये पुन्हा गोडं पाणी उतरलं. उत्तर अमेरिकेतल्या बर्फाच्या कडेला साठलेलं अ‍ॅगासिझ नावाचं प्रचंड सरोवर फुटून त्याचं पाणी समुद्रात गेलं हे त्याचं सर्वांत जास्त चर्चेतलं कारण. ते कोणत्या वाटेनं गेलं यावर अजून वाद आहे, सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातून की मॅकेन्झी नदीतून आर्क्टिककडे. युरोप आणि ग्रीनलंड परत थंडीत गेले. या काळाला यंगर ड्रायास म्हणतात. तो ११,७०० वर्षांपूर्वी तितक्याच झपाट्यानं संपला आणि आज आपण ज्यात राहतो तो काळ सुरू झाला.

आता संचातला मोठा दोष. पुस्तिकेच्या १९व्या पानावर जाड अक्षरांत छापलंय: ‘प्रवाह बंद झाला की हिमयुग येतं.’ खाली बर्फात गाडलेल्या शहराचं चित्र. हे चूक आहे आणि मुलांच्या डोक्यात बसलं तर निघत नाही. वर सांगितलेल्या काळाकडेच बघा ना. १८ हजार वर्षांपूर्वी प्रवाह मंदावला आणि तीन हजारांहून जास्त वर्षं मंदच राहिला. उत्तर अटलांटिक गारठला हे खरं. पण त्याच काळात पृथ्वी हिमयुगातून बाहेर येत होती! कारण अटलांटिकचा प्रवाह दक्षिण गोलार्धातली उष्णता उचलून उत्तरेला नेतो. तो थांबला की उत्तर थंड पडते आणि दक्षिणेत उष्णता साठायला लागते. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे लांब दांडे, म्हणजे गाभे, हेच सांगतात: ग्रीनलंड गारठलेलं असताना अंटार्क्टिका तापत होती, आणि ग्रीनलंड अचानक तापलं तेव्हा अंटार्क्टिकाचं तापणं थबकलं. उत्तर-दक्षिणेचा हा आलटून-पालटून चालणारा खेळ पुस्तिकेत एका ओळीतही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कार्बन डायऑक्साइड. हिमयुगात हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाखांत सुमारे १९० भाग होतं. ११ हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते सुमारे २६५ झालं. हा वायू आला कुठून? मुख्यतः खोल समुद्रातून. हिमयुगात अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिणी महासागराच्या पोटात तो कोंडून राहिला होता. उत्तरेत प्रवाह मंदावला, दक्षिण तापली, तिथला तरंगता बर्फ मागे हटला, वारे दक्षिणेकडे सरकून खोल पाणी वर ओढू लागले आणि गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर व्हावं तसं झालं. त्या वेळच्या गाळात सिलिकेची कवचं असलेल्या सूक्ष्म वनस्पतींचे अवशेष एकदम वाढलेले सापडतात. खोल पाणी वर आलं की खाद्य वर येतं आणि त्या माजतात, म्हणून तो पुरावा पक्का धरला जातो. कार्बन डायऑक्साइड हवेत गेल्यावर तापणं फक्त दक्षिणेचं राहिलं नाही, सगळ्या जगाचं झालं. २०१२ साली जगभरातल्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की जगाचं सरासरी तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागोमाग चढलं.

म्हणजे प्रवाहाचं थांबणं हे हिमयुग संपण्याच्या प्रक्रियेचाच एक भाग होतं. उन्हानं सुरुवात केली, बर्फ वितळला, गोड्या पाण्यानं उत्तरेतला प्रवाह अडवला, त्यामुळे दक्षिण तापली, तिथून वायू सुटला आणि त्यानं उरलेला बर्फ वितळवला. अशी साखळी सांगितली की मुलं शांत बसून ऐकतात. आणि हातात दिलेली पुस्तिका सांगते बरोबर उलटं. ४,२०० रुपयांच्या वस्तूत हे चालणार नाही. मी बनवणाऱ्यांना लिहून कळवलंय.

वाऱ्याचा भागही संचात नाही. पुस्तिकेतल्या नकाशात खोल पाणी वर येताना हिंदी आणि प्रशांत महासागरांत दाखवलंय, १९८७ साली शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी मांडलेल्या ‘वाहक पट्ट्या’च्या, म्हणजे सगळ्या महासागरांतून फिरणारा एकच सलग पट्टा दाखवणाऱ्या चित्रावरून घेतलेलं. चित्र गाजलं आणि समजायला सोपं आहे, पण त्यानंतरच्या कामातून स्पष्ट झालंय की त्यातलं बरंचसं पाणी दक्षिणी महासागरात, पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांच्या ओढीनं वर येतं. ते दाखवायला मी घरचा हेअर ड्रायर वापरते. पहिला प्रयोग झाल्यावर तळाशी निळा थर असतोच. ड्रायर गार हवेवर ठेवून एका टोकाकडून पाण्याला समांतर हवा सोडली की वरचं पाणी पलीकडे ढकललं जातं आणि त्या टोकाला निळ्या थराची कड वर चढून येते. ड्रायर शिक्षकानंच धरावा, वायर कोरडी आणि लांब ठेवावी, मुलांच्या हाती देऊ नये. संचात एखादा बॅटरीवर चालणारा छोटा पंखा दिला असता तर दोनशे रुपये जास्त घेतले तरी कुणी तक्रार केली नसती.

‘पण मॅडम, अटलांटिकशी आपला काय संबंध?’ हाही प्रश्न येतोच, आणि खान्देशात तो यायलाच हवा. संबंध पावसाचा आहे. उत्तर अटलांटिक गारठला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपला मोसमी पाऊस अशक्त होतो. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात हे दिसतं: पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळून काढलेल्या गाळातले चढउतार ग्रीनलंडच्या बर्फातल्या चढउतारांशी जुळतात, हे १९९८ साली दाखवलं गेलं. मेघालयातल्या मावमलुह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यानं थर साठून झालेल्या चुन्याच्या खांबांतही हिमनगांच्या त्या काळात आणि यंगर ड्रायासमध्ये पाऊस घटल्याची नोंद आहे. ग्रीनलंडजवळ पाणी बुडायचं थांबलं आणि भारतात पाऊस कमी झाला. कापूस वेचणाऱ्या आई-बापांच्या पोरांना हे वाक्य दोनदा सांगावं लागत नाही.

आमच्या तालुक्याला तर आणखी जवळचा पुरावा मिळालाय. पाटणादेवीच्या सहलीला सगळ्यांची मुलं जातात, हेमाडपंती मंदिर बघतात, भास्कराचार्यांचं नाव ऐकतात आणि परत येतात. तिथून जवळच पाटणे गावी १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी, कोरीव नक्षी असलेला कवचाचा तुकडा असं साहित्य मिळालं. वय सुमारे २५ हजार वर्षं. हिमयुगात चाळीसगावच्या डोंगराखाली शहामृग होते! हा मोकळ्या, कोरड्या गवताळ माळांवर राहणारा पक्षी. आज आपल्याकडे तो रानात कुठेच नाही. आणि तापी? समुद्र १२० मीटर खाली गेलेला, खंबायतचं आखात उथळ, म्हणजे ते कोरडं पडलेलं. तापीला सुरतच्या पुढे आणखी शंभर किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन समुद्र गाठावा लागत होता. टाकीचा तास झाल्यावर मी मुलांना हे सांगते आणि मग पाटणादेवीची सहल काढते, सहलीनंतर टाकी असा उलटा क्रम ठेवत नाही. आधी कारण डोळ्यांसमोर असलं की मणी बघताना प्रश्न वेगळे येतात.

आजच्या काळाबद्दल पुस्तिकेत एक पान आहे आणि तेही घाबरवणारं आहे. मी मुलांना आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ सालच्या अहवालात आहे तेवढंच सांगते: या शतकात अटलांटिकचा हा प्रवाह मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे, २१०० सालापूर्वी तो अचानक कोसळणार नाही असं शास्त्रज्ञांना मध्यम खात्रीनं वाटतं. ‘मध्यम’ या शब्दावर वर्गात चांगली चर्चा होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आता दहा लाखांत ४२०च्या वर गेलाय आणि ग्रीनलंडचा बर्फ आज वितळतोच आहे. जूनचा पाऊस लांबला की दुबार पेरणी करावी लागणाऱ्या घरातल्या मुलाला बर्फात गाडलेल्या न्यूयॉर्कसारख्या शहराचं चित्र दाखवून काय साधणार? त्या जागी पावसाच्या पट्ट्याचा नकाशा हवा होता.

वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडचं क्षारट असतं आणि मीठ टाकल्यावर गढूळ दिसतं. वीस लिटरचा जार मागवा. पाणी भरल्यावर निदान अर्धा तास टाकीला कुणाचा धक्का लागता कामा नये, म्हणून तासाच्या आधीच्या सुटीत भरून ठेवा. फ्रिजमधल्या ट्रेचा बर्फ पुरत नाही; आम्ही बसस्टँडजवळच्या रसवंतीवरून लादीचा तुकडा आणतो आणि गोणपाटात कुटतो. रंग कमी टाका, थेंबानं काम होतं, जास्त झाला की सगळी टाकी निळी होऊन पुढचं काही दिसत नाही. तापमानपट्ट्या एका वापरानंतर नीट चिकटत नाहीत, पण साधा प्रयोगशाळेतला तापमापक त्यांच्यापेक्षा बरा. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीतच उरका. एप्रिलमध्ये आमच्या लॅबमध्ये बर्फ कप्प्यात टिकत नाही आणि पाणीही कोमट असतं.

एकट्या शाळेला ४,२०० रुपये जड वाटत असतील तर दोन-तीन शाळांनी मिळून एक संच घ्यावा. टाकी मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर आरामात राहते, फक्त शीतकप्पा वेगळा गुंडाळा. पाचपैकी गुण द्यायचे तर टाकीला साडेचार, पुस्तिकेला दीड. पान १९ आणि दुसऱ्या प्रयोगाचं पान झाकण्यासाठी मी त्याच मापाची दोन पानं मराठीत लिहून काढली आहेत, वर दिलेले आकडे आणि उत्तर-दक्षिणेची आकृती त्यात आहे. संच घेणाऱ्या शिक्षकांनी त्यांची झेरॉक्स काढून पुस्तिकेत चिकटवावी, नवी आवृत्ती येईपर्यंत तेवढ्यावर काम चालेल.